तांबीचा प्रश्न आणि संशोधनाचा सातबारा

पहिलं बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की पेण-रोह्याकडच्या घरांत एक विषय हमखास निघतो: आता तांबी बसवायची का? तांबी म्हणजे कॉपर-टी. सासूबाई म्हणतात, नको, ती वर चढते. जाऊ सांगते, माझ्या मामेबहिणीने बसवली आणि पुढे दिवसच राहिले नाहीत. उपकेंद्रातल्या नर्सबाई सांगतात, काढली की पाळी आली-गेली आणि लगेच राहतात दिवस, काही होत नाही. मग रात्री मोबाइल उघडला जातो. तिथे एका व्हिडिओत डॉक्टर नर्सबाईंच्या बाजूने बोलतात आणि त्याच्याच खालच्या व्हिडिओत दुसरं कुणीतरी जावेच्या बाजूने.

आता खरं कुणाचं मानायचं? आजवर जगात लाखो बायकांनी तांबी वापरली आहे. त्यांतल्या किती जणींना नंतर मूल झालं, किती जणींना झालं नाही, हे कुणीतरी मोजलंच असणार. मोजलं असेल तर ते लिहून ठेवलं असणार. ते लिहिलेलं कुठे ठेवलेलं असतं, ते कसं शोधायचं आणि सापडल्यावर त्यावर कितपत भरवसा ठेवायचा, हे समजून घेण्यासाठी हा लेख. आशाताई, शिक्षक, नर्सिंगच्या विद्यार्थिनी किंवा घरात इंग्रजी वाचणारं कुणीही हे करू शकतं.

साधा शोध आणि संशोधनाचा शोध

मोबाइलवरचा नेहमीचा शोध आपल्याला जे दाखवतो ते बहुतांशी लोकांनी किती पाहिलं, कुणी कुणाला जोडलं, कुणी जाहिरातीचे पैसे भरले यावर ठरतं. खरंखोटं तपासणं हे त्या यंत्राचं मुख्य काम नाही. एखादीचा वाईट अनुभव सांगणारा व्हिडिओ लाखो जणी बघतात. काहीच त्रास न झालेल्या बाईला व्हिडिओ करावासा वाटत नाही. त्यामुळे पडद्यावर त्रासाचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठं दिसतं.

संशोधनाचा डेटाबेस वेगळ्या पायावर उभा असतो. त्यात व्हिडिओ नसतात, अनुभवकथन नसतं. वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या शोधनिबंधांच्या नोंदी असतात. यातला सर्वांत मोठा आणि फुकट वापरता येणारा डेटाबेस म्हणजे पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा हा उपक्रम १९९७ पासून सर्वांना खुला आहे आणि त्यात आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्याचं मूळ मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचं. जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरने १८७९ मध्ये वैद्यकीय लेखांची छापील सूची काढायला सुरुवात केली. तीच सूची वाढत वाढत आपल्या मोबाइलपर्यंत आली.

नोंद म्हणजे उतारा, जमीन नव्हे

जमिनीचा सातबारा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. उतारा हातात आला म्हणजे जमीन हातात आली असं होत नाही. पण जमीन कुठल्या गावात, गट नंबर काय, क्षेत्र किती, नाव कुणाचं, बोजा आहे का, हे त्या एका कागदावर कळतं. डेटाबेसमधली नोंदही अशीच. तिच्यात शोधनिबंधाचं नाव, लेखकांची नावं, नियतकालिक, वर्ष आणि दीडदोनशे शब्दांचा सारांश असतो. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो दुसऱ्या कुठल्याही नोंदीला दिला जात नाही. तो गट नंबरच समजा. पूर्ण निबंध दुसरीकडे, त्या त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर असतो.

उताऱ्यावर जसा 'इतर हक्क'चा रकाना बघितल्याशिवाय शहाणा माणूस व्यवहार करत नाही, तसंच इथेही. एखाद्या निबंधात नंतर गंभीर चूक किंवा बनवाबनवी सापडली, तर नियतकालिक तो मागे घेतं. पबमेडवर त्या नोंदीच्या डोक्यावरच तसा ठळक शेरा येतो. नोंद पुसून टाकत नाहीत, फेरफार दिसतो. म्हणून कुणी निबंधाचं नाव सांगून काही दावा केला, की आधी नोंद काढून बघावी. आजकाल प्रश्नांची उत्तरं देणारी संगणकी साधनं कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधांची नावं ठोकून देतात. नोंद सापडलीच नाही, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

प्रश्न मोडून विचारायचा

पबमेडच्या चौकटीत 'तांबी' लिहून काही हाती लागणार नाही. 'तांबी बसवल्याने मूल होत नाही का' असं अख्खं वाक्य इंग्रजीत लिहिलं तरी निकाल विस्कळीत येतात. इथे प्रश्नाचे तुकडे करावे लागतात. चार तुकडे पुरतात. कुणाबद्दल विचारतोय? ज्यांना पुढे मूल हवं आहे अशा बायकांबद्दल. काय वापरलं? तांबी. कशाशी तुलना? न वापरणाऱ्यांशी. कुठला परिणाम बघायचा? वंध्यत्व. शोधताना यातले दोन तुकडे, तांबी आणि वंध्यत्व, वापरले तरी सुरुवात होते.

अडचण अशी की एकाच वस्तूला संशोधक वेगवेगळी नावं देतात. कुणी 'कॉपर टी' लिहितो, कुणी 'आययूडी', कुणी 'आययूसीडी'. एकच शब्द टाकला तर बाकीचे निबंध निसटतात. यावर उपाय म्हणून ग्रंथालयाने सुमारे ३० हजार अधिकृत विषयशब्दांची यादी केली आहे. तिला 'मेश' म्हणतात. लेखकाने कुठलंही नाव वापरलेलं असो, निबंध तांबीबद्दल असेल तर त्याच्या नोंदीला 'इंट्रायुटेराइन डिव्हायसेस, कॉपर' हा एकच अधिकृत शब्द चिकटवला जातो. बाईच्या वंध्यत्वासाठी 'इन्फर्टिलिटी, फिमेल'. पूर्वी हे काम माणसं निबंध वाचून करत. २०२२ पासून ते मुख्यतः संगणक करतो आणि माणसं तपासणी करतात.

मग दोन शब्दांच्या मध्ये 'अँड' टाकायचं. 'अँड' म्हणजे दोन्ही विषय ज्यात आहेत तेवढेच निबंध. 'ऑर' म्हणजे दोहोंपैकी एक असला तरी चालेल. 'अँड'ने यादी आखडते, 'ऑर'ने पसरते. अगदी ताज्या निबंधांना अधिकृत शब्द लागलेला नसू शकतो, म्हणून अधिकृत शब्द आणि चालू नावं 'ऑर'ने जोडून घेणं चांगलं. डाव्या बाजूला गाळण्या असतात: फक्त आढावा-निबंध दाखवा, फक्त फुकट पूर्ण वाचता येणारे दाखवा, अमुक वर्षांनंतरचे दाखवा. त्या लावल्या की शेकडो नोंदींची यादी वाचण्याजोगी होते.

एक नोंद जवळून

असं शोधलं की २००१ ची एक नोंद बहुधा समोर येते. डेव्हिड हुबाकर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटीतल्या तीन सरकारी रुग्णालयांत केलेला हा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. आपल्या जावेच्या प्रश्नालाच तो हात घालतो, म्हणून तो नीट वाचू.

संशोधकांनी १,८९५ बायका घेतल्या. त्यांतल्या ३५८ जणींच्या गर्भनलिका बंद झाल्यामुळे त्यांना मूल होत नव्हतं. ९५३ जणींनाही मूल होत नव्हतं, पण त्यांच्या नलिका मोकळ्या होत्या. उरलेल्या ५८४ जणींना पहिल्यांदाच दिवस राहिले होते. तिन्ही गटांना विचारलं, पूर्वी कधी तांबी वापरली होती का?

यामागचा हिशेब सरळ आहे. तांबीने नलिका बंद होत असतील, तर नलिका बंद असलेल्या पहिल्या गटात पूर्वी तांबी वापरलेल्या बायका जास्त सापडायला हव्यात. तशा त्या सापडल्या नाहीत. तुलनेचा आकडा पहिल्या दोन गटांमध्ये १.० आला आणि गरोदर बायकांच्या गटाशी तुलना करता ०.९. एक म्हणजे बरोबरी, धोका वाढलाही नाही आणि घटलाही नाही. उलट ज्यांच्या रक्तात क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाच्या जुन्या खुणा होत्या, त्यांच्यात नलिका बंद असण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. म्हणजे दोष संसर्गाचा होता, नाव तांबीचं झालं होतं.

शेजारीच १९९२ ची 'लॅन्सेट'मधली नोंद ठेवली की चित्र आणखी स्पष्ट होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासांतल्या जवळपास २३ हजार तांब्यांची माहिती तिथे एकत्र तपासली होती. ओटीपोटाच्या संसर्गाचा धोका तांबी बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत जास्त होता आणि नंतर तो बराच खाली गेला. म्हणजे बसवताना स्वच्छता कशी होती आणि बाईला आधीच संसर्ग होता का, याला महत्त्व. नर्सबाईंचं म्हणणं बरोबर, पण त्याला ही जोड हवी: आधी तपासणी, मग तांबी, आणि पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, पोटात दुखलं किंवा घाण वासाचं पाणी गेलं तर लगेच दवाखाना.

मग भीती आली कुठून?

जुन्या नोंदी चाळल्या की तेही कळतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'डॅल्कन शील्ड' नावाचं गर्भाशयात बसवायचं साधन विकलं जात होतं. त्याचा दोरा अनेक बारीक तंतूंचा होता आणि त्या तंतूंमधून जंतू गर्भाशयात चढत. कित्येक बायकांना गंभीर संसर्ग झाले, खटले झाले आणि १९७४ मध्ये विक्री थांबली. आजच्या तांबीचा दोरा एकाच तंतूचा असतो.

आपल्याकडची आठवण वेगळी आहे. सरकारी कार्यक्रमात १९६५ मध्ये 'लिपीज लूप' हा तशाच साधनाचा प्रकार आला. शिबिरं भरवून, उद्दिष्टं ठरवून तो बसवला गेला. नंतर रक्तस्राव झाला, दुखलं, तर बघायला कुणी नव्हतं. आजींच्या पिढीने 'लूप'चा धसका घेतला तो उगीच नव्हे. तो धसका घराघरांत राहिला, साधन मात्र बदललं. डेटाबेसचा हा एक मोठा गुण: तो जुनं फेकून देत नाही, त्यामुळे एखादी समजूत कुठल्या काळच्या खऱ्या अनुभवातून आली ते शोधता येतं. सासूबाईंना 'तुम्हाला काय कळतं' म्हणण्यापेक्षा 'तुमच्या वेळची वस्तू वेगळी होती' हे सांगणं खरंही आहे आणि ऐकलंही जातं.

एका अभ्यासावर थांबू नये

एका अभ्यासात योगायोगाचा भाग असतो. बायका थोड्या असतील तर जास्तच. म्हणून एकाच प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून, कच्चे बाजूला काढून, उरलेल्यांचा एकत्र हिशेब मांडतात. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. असे आढावे करणारी सर्वांत नावाजलेली संस्था म्हणजे १९९३ मध्ये सुरू झालेली कोक्रेन. तिचा जन्म प्रजनन-आरोग्याच्याच क्षेत्रात झाला. इयन चाल्मर्स यांनी ऑक्सफर्डमध्ये गरोदरपण आणि बाळंतपणावरच्या चाचण्या गोळा करायला घेतल्या, त्यातून ती उभी राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) परवाना घेतल्यामुळे २००७ पासून कोक्रेन लायब्ररी भारतात कुणालाही वाचायला मिळू लागली. साध्या भाषेतले सारांश तर जगभर खुले आहेत.

कोक्रेनचं बोधचिन्ह बघण्यासारखं आहे. त्यात काही आडव्या रेषा आणि मधोमध एक उभी रेषा आहे. प्रत्येक आडवी रेषा म्हणजे एक चाचणी. प्रश्न होता, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झालेल्या बाईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं तयार होऊन ते वाचतं का? पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाउवी यांनी केली आणि ती १९७२ मध्ये छापून आली. पुढच्या चाचण्या एकेकट्या बघितल्या तर बहुतेकींतून ठाम काही निघत नव्हतं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला आणि फायदा स्वच्छ दिसला. पण तो हिशेब मांडायला जवळपास १७ वर्षं गेली. नोंदी होत्या, त्या कुणी एकत्र वाचल्या नव्हत्या.

गोष्ट इथे संपली असती तर 'आढावा वाचा आणि मोकळे व्हा' असं सांगता आलं असतं. पुढे काय झालं ते आपल्या जास्त जवळचं आहे. हेच औषध गावपातळीवर पोचवलं तर किती बाळं वाचतील, हे बघायला सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातली केंद्रं होती बेळगाव आणि नागपूर. सुमारे एक लाख बाळंतपणं त्यात मोजली गेली. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला आणि सगळे चमकले. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. एकूण बाळांचे मृत्यू तर दर हजारी सुमारे साडेतीनने वाढले आणि आयांमध्ये संसर्गही वाढला. गावात दिवस किती भरले ते नेमकं कळत नाही, त्यामुळे औषध मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं मुळात लहान नव्हतीच. त्यांना फायदा काही नव्हता.

पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीचा निकाल आला. तिथे सोनोग्राफीने दिवस ठरवता येत होते आणि लहान बाळांची काळजी घेण्याची सोय होती. तिथे औषधाने बाळं वाचली: मृत्यूंचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलं. औषध एकच, निकाल दोन. फरक जागेचा होता. म्हणून कुठलीही नोंद वाचताना, निकालाच्या आधी एक ओळ शोधायची: हे कुठे केलं, कुणावर केलं?

मेक्सिको सिटीच्या अभ्यासालाही हाच प्रश्न लावून बघा. तांबीने वंध्यत्व येत नाही, हे त्यातून नीट कळतं. पण तांबीने पाळीत रक्त जास्त जातं, हे सर्वज्ञात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. जागतिक आरोग्य संघटना रक्त कमी असलेल्या बाईला तांबी नाकारत नाही. फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त, पण लक्ष ठेवून, असं सांगते. तेव्हा आपल्याकडच्या बाईने नर्सबाईंना विचारायचा पुढचा प्रश्न 'माझं हिमोग्लोबिन किती?' हा असायला हवा. मेक्सिको सिटीच्या नोंदीत तो सापडणार नाही, कारण तिथे तो विचारलाच नव्हता.

'पेण' शोधलं की इन्सुलिन निघतं

आता आपल्याच भागाबद्दल काय लिहिलेलं आहे, ते शोधायला जाऊ. इथे गंमत होते. पेणचं इंग्रजी स्पेलिंग टाकलं की मधुमेहाच्या इन्सुलिन पेनांवरच्या निबंधांचा ढीग कोसळतो. रायगड टाकावं, तर जिल्ह्याची दोन स्पेलिंगं चालतात. जनगणनेत आणि सर्वेक्षणांत शेवटी 'आर-एच' लावून लिहितात, आणि नेमकं तेच स्पेलिंग छत्तीसगडमधल्या रायगढ जिल्ह्याचंही आहे. त्यात आपल्या जिल्ह्याचं नावच १९८१ पर्यंत कुलाबा होतं.

याचा फटका कसा बसतो बघा. मुंबईचे प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरात एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकडे आरोग्याचं प्राथमिक काम सोपवलं. आशाताई ही कल्पना देशभर येण्याच्या तीस वर्षं आधी. त्यावरचा निबंध १९८८ मध्ये छापून आला, तो मांडव्याच्या नावाने. 'रायगड, आरोग्य' असा शोध घेणाऱ्याच्या हातून तो सहज निसटतो. तेव्हा जागेचा शोध घेताना नवं नाव, जुनं नाव, दोन्ही स्पेलिंगं, तालुका, जिल्हा आणि 'महाराष्ट्र' असं सगळं टाकावं.

निबंधांखेरीज दुसरा खजिना आकड्यांचा. मुंबईत देवनारला १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातल्या ६,३६,६९९ घरांत माणसं गेली. महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे बाईमागे सरासरी दोनपेक्षाही कमी मुलं. प्रत्येक जिल्ह्याचं तथ्यपत्रक फुकट उतरवून घेता येतं, रायगडचंही.

ते वाचताना दोन खुणा सांभाळायच्या. आकडा कंसात असेल तर तो फक्त २५ ते ४९ जणांच्या उत्तरांवर बेतलेला आहे, त्यावर फार भार टाकायचा नाही. आकड्याच्या जागी चांदणी असेल तर उत्तरं २५ हूनही कमी मिळाली, म्हणून आकडा दिलेलाच नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रायगडचे तालुके १५. पनवेलची टोलेजंग वस्ती आणि रोह्याच्या डोंगरातली कातकरी वाडी यांची मिळून एकच सरासरी त्या पत्रकात आहे. पेण किंवा रोह्याचा वेगळा आकडा त्यातून काढता येत नाही. तालुक्याचे आकडे हवे असतील तर सरकारची दर महिन्याची 'एचएमआयएस' माहिती आहे, पण ती दवाखान्याच्या दाराशी मोजलेली असते. जी बाई दवाखान्यात आलीच नाही, तिचा त्यात पत्ता नसतो.

नोंद नाही म्हणजे दुखणं नाही?

असा गैरसमज किती महागात पडतो, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. १९८० च्या दशकापर्यंत ग्रामीण बायकांच्या स्त्रीरोगांबद्दल जे काही छापलं होतं ते बहुतेक रुग्णालयांत आलेल्या बायकांवरून. घरोघर जाऊन, दुखणं सांगणाऱ्या-न सांगणाऱ्या सगळ्यांना तपासलेलं जवळजवळ नव्हतंच. साहजिकच धोरण ठरवणाऱ्यांच्या लेखी खेड्यातल्या बाईचे दोनच प्रश्न होते, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. आधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. 'अंगावरून जातं' म्हणून मुकाट सोसलेलं दुखणं जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'च्या पानावर आलं. ती नोंद आजही पबमेडवर निघते. कैरोत १९९४ मध्ये लोकसंख्येवरची जागतिक परिषद भरली आणि कुटुंबनियोजनाऐवजी प्रजनन-आरोग्य हा व्यापक विषय जगाने स्वीकारला, त्याआधीच्या वर्षांत अशाच अभ्यासांनी ती जमीन तयार केली होती.

नोंदी कुणाच्या ताब्यात?

या विषयाच्या माहितीवर सतत कुणाचा ना कुणाचा डोळा असतो. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. परदेशी वैद्यकीय पुस्तकं वाचून ते वाचकांच्या पत्रांना बेधडक उत्तरं देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले.

डेटाबेसच्या काळातही हे चुकलं नाही. कुटुंबनियोजनावरचा जगातला सर्वांत मोठा खास डेटाबेस होता 'पॉपलाइन'. अमेरिकी सरकारच्या मदतीवर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ तो चालवत असे. त्यात साडेतीन लाखांहून अधिक नोंदी होत्या, आणि विकसनशील देशांतले, नियतकालिकांत कधी न छापलेले अहवालही होते. २००८ मध्ये एका ग्रंथपालबाईंच्या लक्षात आलं की गर्भपाताचा इंग्रजी शब्द टाकला तर शोध शून्यावर येतो. पैसे देणाऱ्या सरकारी खात्याने दोन लेखांबद्दल विचारणा केली होती. त्या धास्तीने चालकांनी तो शब्दच शोधातून वगळला होता. नोंदी जागेवर होत्या, फक्त दार बंद केलं होतं. ग्रंथपालांनी ओरड केली आणि एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या अधिष्ठात्यांनी तो निर्णय रद्द केला. पुढे १ सप्टेंबर २०१९ रोजी पॉपलाइनच बंद झाला. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा नव्वदहून अधिक देशांच्या आरोग्य सर्वेक्षणांना आधार देणारा कार्यक्रमही थांबला.

यावरून एक सवय लावून घ्यावी. शोध शून्यावर आला तर 'संशोधन नाही' असा निष्कर्ष लगेच काढू नये. दुसरा शब्द टाकावा, दुसऱ्या डेटाबेसमध्ये बघावं. भारतातल्या पीएचडी प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे. सध्या चालू असलेल्या औषध-चाचण्यांसाठी २००७ मध्ये सुरू झालेली भारतीय चाचणी नोंदवही, 'सीटीआरआय', आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने पीसीओएस या विकाराशी जोडलेल्या जनुकांचा स्वतंत्र डेटाबेस उभा केला आहे. पैसे भरल्याशिवाय पूर्ण निबंध वाचता येत नाही, ही जुनी तक्रार थोडी हलकी झाली आहे: जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं वाचता येतात.

अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पेण-रोह्यातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर तांबी किंवा गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेल्या किती जणींनी ते वर्षभरात सोडलं, का सोडलं, त्यांचं हिमोग्लोबिन किती होतं, हा एका प्रबंधाला पुरेल असा विषय आहे. आशाताईंच्या वह्यांत त्याची अर्धी माहिती पडून आहे. कुणी तो अभ्यास केला, तर शीर्षकात तालुक्याचं नाव आणि सारांशात जिल्ह्याची दोन्ही स्पेलिंगं आठवणीने घालावीत. पुढच्या आशाताईला तो सापडला पाहिजे.

चौकट: नोंद वाचताना

१. प्रश्नाचे तुकडे करा: कुणाबद्दल, काय वापरलं, कशाशी तुलना, कुठला परिणाम.
२. अधिकृत विषयशब्द आणि चालू नावं 'ऑर'ने जोडा. दोन विषय 'अँड'ने.
३. आधी पद्धतशीर आढावा शोधा, मग सुटे अभ्यास.
४. अभ्यास कुठे झाला, कुणावर झाला, किती जणांवर झाला, हे निकालाच्या आधी वाचा.
५. निबंध मागे घेतल्याचा शेरा आहे का, पैसे कुणी दिले होते, हे बघा.
६. सर्वेक्षणात कंसातला आकडा कच्चा. जिल्ह्याची सरासरी तालुक्याला लावू नका.
७. शोध शून्यावर आला तर शब्द बदला, डेटाबेस बदला.
८. वाचलेलं घेऊन नर्सबाई किंवा डॉक्टरांकडे जा. नोंद सरासरी सांगते, तुमची तपासणी त्यांनाच करावी लागेल.